मूलवासी सिनेमा आणि ‘बोर्डिंग’ हा शब्द

प्रश्न : कॅनडातल्या निवासी शाळांवरचे, तिथल्या मूलवासी दिग्दर्शकांचे चित्रपट आमच्या मंडळात दाखवायचे आहेत. कोणते निवडावेत? मराठी सबटायटल्समध्ये काय सांभाळावं? (वाचक, सातारा)

उत्तर : सुरुवात ॲलनिस ओबमसाविन यांच्या ‘ख्रिसमस ॲट मूस फॅक्टरी’ने करा. १९७१चा, जेमतेम १३ मिनिटांचा लघुपट. पडद्यावर निवासी शाळेतल्या मुलांनी काढलेली चित्रं आणि सोबत त्यांचेच आवाज. मग जेफ बार्नबींचा ‘ऱ्हाइम्स फॉर यंग घूल्स’ (२०१३). यातली किशोरी शाळेवर सूड उगवते, दया मागत नाही. आम्हाला तो म्हणूनच उजवा वाटतो. ‘शुगरकेन’ (२०२४) हा माहितीपट सगळ्यात जड. लैंगिक अत्याचारांचे तपशील आहेत, शाळकरी मुलांना बसवू नका.

खरी मेख शब्दात आहे : या निवासी शाळांना ‘बोर्डिंग’ म्हणू नका. साताऱ्यात ‘बोर्डिंग’ म्हटलं की कर्मवीरांचं १९२४चं शाहू बोर्डिंग आठवतं : सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला, शिकायच्या ओढीनं आलेली. कॅनडात मात्र मूलवासींसाठीच्या ‘इंडियन ॲक्ट’मधल्या १९२०च्या दुरुस्तीनं या शाळांच्या सक्तीला कायद्याचं बळ मिळालं. मुलं आईबापांपासून तोडली जात, आपली भाषा बोलली तर मार बसे. तेव्हा पहिल्या उल्लेखाला ‘सक्तीची निवासी शाळा’ लिहा, पुढे नुसतं ‘शाळा’ चालेल. मूलवासी भाषेतले संवाद तिरप्या अक्षरांत द्या, नाहीतर भाषा बदलल्याचं प्रेक्षकाला कळतच नाही.

एका वेळी दोनच ओळी. फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) सेव्ह करा; एरवी देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हं उमटतात. आणि हो, घरच्या ओटीटी खात्यावरून जाहीर खेळ करता येत नाही. वितरकाकडून लेखी परवानगी आधीच मागवा.