नाग, नामिका आणि ‘लॉक’ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मार्च २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ‘नाग’ क्षेपणास्त्र प्रणालीच्या ट्रॅकवाल्या गाड्यांसाठी करार केला. तेव्हापासून रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांबद्दलचे प्रश्न वाढले आहेत, पण गैरसमज मात्र तेच ते येत आहेत. त्यातले काही इथे एकत्र घेतले आहेत.

नाग, नामिका आणि नामिस हे तीन वेगवेगळे प्रकार आहेत का?

नाही. नाग हे क्षेपणास्त्र, नामिका ही ते वाहून नेणारी गाडी आणि नामिस म्हणजे दोन्ही मिळून झालेली प्रणाली.

नामिका खरंच पाण्यात चालते? आमच्या एनसीसी युनिटमध्ये यावर पैज लागली आहे.

चालते. ती बीएमपी-२ या सैनिक वाहून नेणाऱ्या ट्रॅकवाल्या लढाऊ गाडीच्या सांगाड्यावर बांधली आहे आणि ही मूळ गाडी उभयचर आहे. पण थेट नदीत घालायची नसते. त्याआधी तळाचे ड्रेन प्लग घट्ट बसवायचे, आत शिरलेलं पाणी बाहेर फेकणारे बिल्ज पंप सुरू होतात का ते पाहायचे, पुढची पाणफळी (समोरचं पाणी अडवणारी फळी) उचलायची आणि दारांची रबर सीलं तपासायची. एक प्लग ढिला राहिला तरी गाडीत पाणी भरू लागतं. काठाचा उतार आणि प्रवाहाचा वेग पाहून परवानगी कोणी द्यायची, हे युनिटच्या स्थायी आदेशात असतं. पैजेचा निकाल तुमच्या प्रशिक्षकांकडूनच लावून घ्या.

‘फायर अँड फर्गेट’ म्हणजे बटण दाबलं की काम संपलं ना? मग गनरला एवढं प्रशिक्षण कशाला?

हाच प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि त्यामागची समजूत घातक आहे म्हणून सविस्तर लिहितो.

आधी जुनी पद्धत पाहू. बीएमपी-२ वरचं कोंकुर्स हे तारेने चालणारं क्षेपणास्त्र आहे. ते उडताना मागे बारीक तार सोडत जातं आणि त्या तारेतून त्याला सूचना मिळतात. ४ किलोमीटर जायला त्याला साधारण २० सेकंद लागतात. तेवढा सगळा वेळ गनरने साइटची, म्हणजे नेम धरण्याच्या दुर्बिणीची, खूण लक्ष्यावर धरून ठेवायची आणि गाडी जागची हलवायची नाही. शत्रूला डागल्याचा धूर दिसला तर तो याच २० सेकंदांत उलट मारा करतो.

नागने हे २० सेकंद वाचवले. त्याच्या नाकात इन्फ्रारेड चित्र पाहणारा सीकर असतो. क्षेपणास्त्र सुटलं की तो स्वतःच लक्ष्य धरून ठेवतो आणि गाडी मागे घेता येते. पण हे लक्ष्य त्याला सुटण्याआधी दाखवावं लागतं, आणि सगळं काम तिथेच आहे. गनर थर्मल साइटमध्ये, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीत, रणगाडा शोधतो, लेझरने अंतर मोजतो, ते ५०० मीटर ते ४ किलोमीटरच्या पट्ट्यात आहे का पाहतो. मग सीकर त्या दिशेला वळतो आणि त्याच्या चित्रात लक्ष्याभोवती चौकट बसते. ती पक्की झाली की लॉक झालं. विसरायचं असतं ते त्यानंतर.

चौकट नीट का बसत नाही, ते समजून घ्या. साडेतीन मीटर रुंदीचा रणगाडा ४ किलोमीटरवरून, हातभर अंतरावर धरलेल्या बारीक सुईच्या जाडीएवढा दिसतो. शिवाय सीकर पाहतो तो उष्णतेतला फरक. पोखरणला मे महिन्यातल्या दुपारी वाळू आणि उन्हात उभा असलेला रणगाडा यांच्या तापमानात फारसं अंतर उरत नाही. अशा वेळी थर्मल चित्रात एक्झॉस्टची बाजू, चाकं आणि ट्रॅक तेवढे उजळ दिसतात, आणि उरलेला सांगाडा मागच्या वाळूत मिसळून जातो. सकाळी आणि संध्याकाळीही एक वेळ अशी येते की लक्ष्य आणि जमीन सारखीच गरम असते. चौकट त्या वेळी शेजारच्या तापलेल्या खडकावर सरकली आणि गनरच्या ते लक्षात आलं नाही, तर क्षेपणास्त्र खडकावरच जाणार. सुटल्यावर त्याला परत बोलावता येत नाही.

नागच्या आधीच्या चाचण्यांत भर उन्हाळ्यात पूर्ण पल्ल्यावर लॉक मिळत नव्हतं, ते याच कारणाने. सीकर सुधारला, २०१७ मध्ये पुन्हा चाचण्या झाल्या आणि २२ ऑक्टोबर २०२० रोजी पोखरणला खऱ्या स्फोटकासह अंतिम चाचणी झाली. १९८३ च्या एकात्मिक क्षेपणास्त्र कार्यक्रमातलं हे एक क्षेपणास्त्र, १९९० मध्ये पहिल्यांदा उडालेलं. मधल्या तीस वर्षांचा मोठा भाग हे ‘दिसणं’ सोडवण्यात गेला. तेव्हा ‘बटण दाबलं की झालं’ असं कोणी शिकवत असेल तर त्याला थांबवा. साइट आणि सीकर यांची दिशा जुळलेली आहे का, ही तपासणी पुस्तिकेत दिलेल्या वेळीच व्हायला हवी. शंका आली तर तंत्रज्ञाला बोलवा. अंदाजाने जुळवू नका.

नाग रणगाड्यावर वरूनच हल्ला का करतं?

रणगाड्याचं सर्वांत जाड कवच पुढे असतं आणि छत पातळ असतं. छतावर संरक्षणासाठी स्फोटक विटा (मारा होताच फुटून त्याचा जोर मोडणारे ठोकळे) लावल्या असतील तर जोड-स्फोटशीर्षातला पहिला छोटा स्फोट त्या उडवतो आणि मागचा मुख्य स्फोट कवच भेदतो.

नामिका २० किलोमीटरवर मारते असा व्हिडिओ पाहिला. खरं आहे का?

नाही. नाग ४ किलोमीटर, हेलिकॉप्टरवरून सुटणारं हेलिना ७ किलोमीटर. व्हिडिओवाले वेगवेगळ्या क्षेपणास्त्रांचे आकडे एकत्र कालवतात. संरक्षण मंत्रालयाचं प्रसिद्धिपत्रक वाचा आणि त्यात नसलेला आकडा पुढे पाठवू नका.

नगरच्या मुलाला ही गाडी चालवायची असेल तर?

नाग मेकॅनाइज्ड इन्फंट्रीसाठी, म्हणजे चिलखती गाड्यांतून लढणाऱ्या पायदळासाठी आहे, आणि तिचं रेजिमेंटल सेंटर तुमच्याच अहिल्यानगरला आहे. पण शाखा आपण निवडत नसतो. सैन्य भरती कार्यालयात जाऊन विचारा, खासगी अकादमीच्या फलकावर विसंबू नका.

भोसरीत आमचं सीएनसी वर्कशॉप आहे. एक जण म्हणतो, ‘नामिकाच्या पार्टचं ड्रॉइंग देतो, नोंदणी करून देतो, आधी पैसे भरा.’

एक रुपयाही देऊ नका. खरं ड्रॉइंग असं खिशातून निघत नसतं, आणि निघालंच तर ते जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरू शकतो. ही गाडी आर्मर्ड व्हेइकल्स निगमच्या मेदक कारखान्याची. उद्यम नोंदणी करा, ‘सृजन’ पोर्टलवर देशी पर्याय हवे असलेल्या भागांची यादी पाहा आणि निगमकडे थेट विक्रेता नोंदणीचा अर्ज करा. त्याआधी स्वतःचं घर तपासा. मापनयंत्रांची कॅलिब्रेशनची मुदत संपलेली नको. प्रत्येक बारचा हीट नंबर (धातू कोणत्या घाणीतला आहे ते सांगणारा क्रमांक) प्रमाणपत्राशी जुळायला हवा. बार कापताना नंबर कापला गेला आणि तो उरलेल्या तुकड्यावर पुन्हा ठोकला नाही, तर पुढचा अख्खा लॉट नाकारला जाऊ शकतो. पहिला नमुना मंजूर होईपर्यंत मोठा माल भरू नका. अटींबद्दल शंका असेल तर गुणवत्ता अधिकाऱ्याला लेखी विचारा.

अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंज या सैन्याच्या सराव क्षेत्राजवळ शेत आहे. ज्वारीत केसासारखी बारीक तार लांबवर पडली आहे आणि टोकाला पंख असलेली नळी आहे. भंगारवाला चांगला भाव देतो म्हणतो.

असा प्रश्न पत्राने पाठवायचाच नसतो. उत्तर येईपर्यंतचे दिवस ती वस्तू तुमच्या शेतात पडून राहते. तात्काळ ११२ ला फोन करा, पोलीस पाटलांना कळवा.

तार ओढू नका, गुंडाळू नका, तिच्या मागोमाग चालत जाऊ नका. तारेने चालणारं क्षेपणास्त्र पडलं की अशीच तार मागे राहते, आणि टोकाचं स्फोटशीर्ष फुटलेलं नसण्याची शक्यता असते. आत तांब्याचा शंकू असतो. भंगारवाल्याचा डोळा त्याच्यावर आहे, पण तो शंकू स्फोटकात बसवलेला असतो. छिन्नी, हातोडी, करवत, गॅस कटर यांतलं काहीही लावलं तर माणूस वाचत नाही.

अनेक जण चांगल्या हेतूने एक चूक करतात, ती म्हणजे वस्तू पिशवीत घालून पोलीस ठाण्यात नेणं. ती हलवायचीच नाही. आला होता त्याच वाटेने मागे फिरा, लांबून काठीला लाल फडकं बांधून खूण करा, मुलं, मजूर आणि जनावरं त्या बाजूला जाऊ देऊ नका. दोन वर्षं पावसात भिजलेली वस्तूही निकामी झाली असं समजू नका. सैन्याचं पथक येऊन ती निकामी करून मोकळीक देईपर्यंत त्या पट्ट्यात नांगर घालू नका.