मोटर लावलेल्या जुन्या धाटणीच्या सायकलचं टू-स्ट्रोक इंजिन सुरूच होत नसेल तर आधी काय तपासावं?

आधी स्पार्क प्लगला (इंजिनात ठिणगी पाडणारा भाग) करंट येतोय का बघा, कार्ब्युरेटर नंतर. प्लग काढून कॅपमध्ये बसवा, सिलिंडर हेडला टेकवा (भोकापासून लांब, आतली पेट्रोलची वाफ पेटू शकते) आणि मागचं चाक उचलून क्लचचा लिव्हर न दाबता चाक फिरवा, म्हणजे इंजिनही फिरेल. ठिणगी नाही? मग किल स्विचची (इंजिन बंद करायच्या बटणाची) वायर सोडवून पुन्हा बघा. ती फ्रेमला घासून अर्थ होते आणि लोक उगाच कॉइल (ठिणगीसाठी करंट देणारा भाग) बदलत बसतात! प्लगच्या टोकांमधली गॅप साधारण 0.6 ते 0.7 मिमी हवी.

ठिणगी आहे पण प्लग कोरडा, तर पेट्रोल पोचत नाहीये: पेट्रोलचा कॉक, फिल्टर आणि कार्ब्युरेटरचं जेट (पेट्रोल येण्याचं बारीक छिद्र) साफ करा. ओला असेल तर ओव्हर झालंय, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त गेलंय. प्लग पुसून चोक न लावता सुरू करा. टाकीतलं ऑइल मिसळलेलं पेट्रोल जुनं असेल तर तेही बदला.