अमेरिकेत ट्युबा-युफोनियम (फुंकून वाजवायची मोठी, खर्जातली पितळी वाद्यं) वाजवणारे बरेचसे कलाकार युनिव्हर्सिटीत का शिकवतात? नुसतं वाजवून भागत नाही का?
बहुतेकांचं नाही भागत, कारण सिंफनी ऑर्केस्ट्रात ट्युबावाला सहसा एकच असतो आणि तो वर्षानुवर्षं जागा सोडत नाही, युफोनियमला तर तिथे कायमची खुर्चीच नाही, त्यामुळे पक्की नोकरी म्हणजे मिलिटरी बँड नाहीतर युनिव्हर्सिटी. युफोनियमवादक ब्रायन बोमन आधी नेव्ही, एअर फोर्सच्या बँडमध्ये होते, नंतर नॉर्थ टेक्सास युनिव्हर्सिटीत प्रोफेसर झाले. पण शिकवणं म्हणजे दुय्यम काम असं अजिबात समजू नका, ट्युबावादक हार्वे फिलिप्सनी १९७१ ते १९९४ इंडियाना युनिव्हर्सिटीत शिकवत असतानाच १९७४ ला ट्युबाख्रिसमस, म्हणजे ट्युबा-युफोनियमवाल्यांनी एकत्र जमून ख्रिसमसची गाणी वाजवायचा कार्यक्रम, सुरू केलं, केवढं मोठं काम आहे ते! फक्त एक, फुलटाइम पोस्टला आता बऱ्याचदा डॉक्टरेट मागतात आणि छोट्या कॉलेजात दोन्ही वाद्यं एकाच माणसाला शिकवावी लागतात.