शेवटची गाडी आणि मधले तीन तास

प्रश्न : ताई, मी पहिल्या वर्षाला आहे. घरापासून विद्यापीठ एका बाजूने 1 तास 40 मिनिटं. आधी बस, मग ट्रेन, मग पुन्हा बस. तास संपला की मी लगेच निघते, कारण ती गाडी चुकली तर पुढची सव्वा तासाने. वर्गातल्या पंधरा-वीस जणांची नावं मला माहीत आहेत, पण सहज फोन लावावा असं त्यात एकही नाही. सगळे म्हणतात, कॉलेजचे दिवस म्हणजे सोन्याचे दिवस. माझे सोन्याचे दिवस खिडकीजवळची जागा पकडण्यात चाललेत. घरी हट्ट धरून वसतिगृहात जाऊ का? की मीच माणसांत मिसळायला कमी पडते?
— अप-डाऊनवाली

उत्तर : तुझं टोपणनाव वाचून मला हसू आलं, कारण आमच्या ग्रंथालयातही तोच शब्द होता. देवघेवीच्या खिडकीत मी 27 वर्षं बसले. हॉस्टेलवाले आणि अप-डाऊनवाले मला ओळखपत्र न बघता ओळखू यायचे. हॉस्टेलवाला एक वही हलवत येतो. अप-डाऊनवाल्याच्या पाठीवर अख्खा दिवस असतो: चार विषयांच्या वह्या, डबा, चार्जर, छत्री, आणि एसीत थंडी वाजते म्हणून स्वेटर. तो आल्या आल्या आधी प्लगजवळची खुर्ची शोधतो आणि चार वाजल्यापासून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागतो. खिडकीच्या माझ्या बाजूला बसलेली बाईही अप-डाऊनवालीच होती, त्यामुळे मीही त्याच घड्याळाकडे बघत असे.

आधी हिशेब करू. रोजचे 3 तास 20 मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे 16 तास 40 मिनिटं. वर्षात तीस आठवडे वर्ग भरले तर 500 तास. एवढा प्रवास करून जी मुलगी वेळेवर वर्गात बसते, तिने ‘मी कमी पडते का’ असं विचारूच नये. तुझ्या पत्रात मला खटकलं ते दुसरंच वाक्य: ‘तास संपला की मी लगेच निघते.’

इंग्रजीतला ‘कम्यूटर’ हा शब्द मुळात पासावरून आलाय, हे तुला माहीत आहे का? 19व्या शतकात अमेरिकेतल्या रेल्वेने रोजच्या भाड्याऐवजी ठोक रकमेचं सवलतीचं ‘कम्यूटेशन तिकीट’ काढलं. ते काढणारा तो कम्यूटर. इटालियन लोक त्याला ‘पेंदोलारे’ म्हणतात, म्हणजे लंबकासारखा. मला हा शब्द जास्त पटतो. लंबक दोन्ही टोकांना जातो, थांबत मात्र कुठेच नाही.

काही विद्यापीठं तर अशा लंबकांसाठीच बांधली गेली. शिकागोत 1965 साली इलिनॉय विद्यापीठाचा नवा परिसर सुरू झाला, त्याचं नावच ‘शिकागो सर्कल’. जवळच महामार्ग एकमेकांत मिसळतात, त्या सर्कलवरून ठेवलेलं. म्हणजे विद्यापीठाला नाव दिलं तेही रस्त्याचं! मुलं शहरातून यावीत, शिकावीत आणि घरी जावीत अशी कल्पना. वसतिगृह सुरुवातीला नव्हतंच. वॉल्टर नेत्श या वास्तुविशारदाने इमारतींना जोडणारे उंच पादचारी मार्ग बांधले, जमिनीला पाय न लावता एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाण्यासाठी. विद्यार्थी म्हणजे वाहतूक असं धरून आखलेला तो परिसर होता. 1990च्या दशकात ते मार्ग पाडून टाकले. तुझं विद्यापीठ तसं असेल किंवा नसेल, पण तू स्वतःला तसंच वागवते आहेस. वर्ग ते फाटक, फाटक ते बस.

आता वसतिगृहाचं. तिथे खरंच वेगळं काही असतं का, तर असतं, आणि ते मी लपवणार नाही. आर्थर चिकरिंग या अमेरिकी अभ्यासकाने 1974 साली घरून येणाऱ्या आणि परिसरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांची तुलना करणारं पुस्तक लिहिलं. राहणाऱ्यांना शिक्षक, उपक्रम, मित्र सगळंच जास्त मिळतं, असं त्यात दिसलं. पण त्याने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती लोक सोयीस्कर विसरतात: राहणारी मुलं बहुतेक करून घरच्या पैशाने आणि आधीच्या शिक्षणाने पहिल्या दिवशीच पुढे असतात. म्हणजे सगळी करामत खोलीची नव्हे. पुढे 1984 मध्ये अलेक्झांडर ॲस्टिन यांनी मांडलं की, विद्यार्थी आपली शारीरिक आणि मानसिक शक्ती शिक्षणात किती ओततो, त्या मानाने त्याच्या पदरात पडतं. राहणाऱ्याला ती ओतणं सोपं जातं, कारण मित्राचं दार चार पावलांवर असतं. तुला ते दार ठरवून उघडावं लागेल, एवढंच.

ठरवून म्हणजे कसं, ते माझ्याच उदाहरणावरून सांगते. मीही पदवीची तीन वर्षं अशीच ये-जा केली. पहिलं वर्ष तुझ्यासारखंच गेलं. दुसऱ्या वर्षी वेळापत्रकात मंगळवारी दोन तासांच्या मध्ये तीन तासांचा खड्डा पडला. घरी जाऊन परत येणं शक्यच नव्हतं. मी वैतागून जिन्याखालच्या बाकावर बसायला लागले. चौथ्या मंगळवारी एक मुलगी येऊन म्हणाली, “तू दर मंगळवारी इथेच असतेस ना? माझी बॅग बघशील का, मी पाच मिनिटांत येते.” ती वीस मिनिटांनी आली. पुढच्या मंगळवारी ती थांबलीच, तिच्यामागून तिची एक मैत्रीण आली, आणि वर्षअखेरीस त्या बाकावर बसायला जागा मिळेना. मी काहीही केलं नव्हतं. मी फक्त सापडत होते. अप-डाऊनवाल्यांची खरी अडचण हीच, की ते कुणाला सापडत नाहीत.

तेव्हा आठवड्यातला एक दिवस निवड आणि त्या दिवशी मुद्दाम पुढची गाडी पकड. घरी आधीच सांगून ठेव, म्हणजे फोनवर फोन येणार नाहीत. त्या दिवशी बसायची जागा एकच ठेव, दर वेळी नवीन नको. मंडळ निवडताना नावापेक्षा वेळ बघ. नाट्यमंडळाची तालीम रात्री आठला असेल तर तुझ्या दृष्टीने ते मंडळ नाहीच. दुपारी एकला भरणारा कंटाळवाणा वादविवाद गट तुझ्या जास्त कामाचा. परिसरातच तासावर काम मिळालं तर घे: ग्रंथालयात पुस्तकं लावण्याचं, प्रयोगशाळेत मदतीचं, कार्यालयात नोंदी करण्याचं. अशा कामाने विद्यार्थी टिकतात, हे ॲस्टिन यांनीही नोंदवलंय. मी खिडकीतून बघितलं ते असं, की काम करणाऱ्या मुलाला तीन आठवड्यांत शिपायापासून विभागप्रमुखापर्यंत सगळे नावाने हाक मारतात.

एक मोह मात्र टाळ. पुढच्या सत्रात विषय निवडताना तुझ्या मैत्रिणी सांगतील, सगळे तास तीन दिवसांत कोंब, दोन दिवस घरी. प्रवास वाचतो, खरंय. पण मग त्या तीन दिवसांत सकाळी साडेआठ ते साडेपाच श्वास घ्यायला वेळ उरत नाही, शेवटच्या तासाला डोकं चालत नाही, आणि एक दिवस आजारी पडलीस की आठवड्यातलं एक-तृतीयांश शिक्षण बुडालं. ज्यांना नोकरी करावी लागते त्यांनी खुशाल असं करावं, त्यांना पर्याय नसतो. तुला आहे. मधला खड्डा बुजवू नकोस.

प्रवासातल्या त्या 500 तासांत अभ्यास कर असं मी सांगणार नाही. ते सांगणारे बहुधा गाडीत बसायला जागा मिळणारे असतात. उभ्याने वही धरता येत नाही, आणि बसमध्ये वाचलं की मला तर मळमळायचं. जाताना एकच हलकं काम ठेव, कालच्या तासाची टिपणं नुसती डोळ्यांखालून घालण्याचं किंवा ध्वनिमुद्रण ऐकण्याचं. येताना झोप. गजर लावून झोप. मी दोनदा शेवटच्या स्थानकापर्यंत गेलेय.

आणि वसतिगृहाचा हट्ट? झोप सहा तासांच्या खाली जात असेल, किंवा प्रयोगशाळेचं काम शेवटच्या गाडीपायी दर वेळी अर्धवट राहत असेल, तर जरूर धर. सोन्याच्या दिवसांसाठी धरू नकोस. ते सोनं लोकांना वीस वर्षांनी दिसायला लागतं. हॉस्टेलमध्ये असताना तीच माणसं न्हाणीघराच्या रांगेवरून भांडत होती.

प्रश्न : माझा मुलगा घरून ये-जा करून शिकतो. घरी राहतो म्हणून आम्ही त्याला बारीकसारीक कामं सांगतो: बिल भरणं, आजोबांना तपासणीला नेणं, धाकटीचा अभ्यास. तो हल्ली चिडतो. म्हणतो, “मी घरी राहत नाही, घरी फक्त झोपतो.” हे बोलणं आम्हाला लागलं. आमचं काही चुकतंय का?
— एक आई

उत्तर : तुमचं मन दुखावलं हे समजतं, पण वाक्य त्याने नेमकं बोललंय. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आजोबांना घेऊन जा असं तुम्ही फोनवर सांगितलं नसतं. डोळ्यांसमोर असलेला मुलगा मोकळा दिसतो, हा नजरेचा खेळ आहे.

कामं बंद करू नका. घरचा भार उचलणारी मुलं मी पाहिलीत, आणि त्यांच्यात एक समज असते. फक्त काम आधी सांगा. रविवारी त्याच्या वेळापत्रकाची एक प्रत फ्रिजवर लावा, त्यात प्रवासाचे तासही रंगवा, आणि आठवड्याची दोन कामं तिथेच ठरवा. ऐन वेळचं काम दुसऱ्या कुणावर. आणि तो दारात पाय ठेवल्यावर पहिली वीस मिनिटं कुणी काही विचारायचं नाही. माझ्या आईने हा नियम पाळला होता. तो तिला कुणी शिकवला, कुणास ठाऊक.

प्रश्न : माझं वय 36. नोकरी सांभाळून पदवी पूर्ण करतोय. कामावरून थेट संध्याकाळच्या वर्गांना येतो. शिक्षकांना भेटण्याची वेळ सकाळी अकरा, कार्यालय पाचला बंद, ग्रंथालयातलं संदर्भाचं टेबल सहाला बंद. गटप्रकल्पातली मुलं रात्री नऊला कट्ट्यावर भेटू म्हणतात, तेव्हा मी गाडीत असतो. मी इथला विद्यार्थी आहे असं वाटतच नाही. कुणाला सांगायचं?
— गणवेशातला विद्यार्थी

उत्तर : संदर्भाचं टेबल सहाला बंद होण्याबद्दल आधी माझ्याकडून माफी. आमच्याकडेही तसंच होतं, आणि मी अनेक वर्षं त्याबद्दल बोलले नाही, कारण सहाची गाडी मलाही हवी होती.

नॅन्सी श्लॉसबर्ग या समुपदेशनाच्या अभ्यासिकेने 1989 साली नेमक्या याच भावनेवर लिहिलं: माणूस काठावर असतो आणि आपण कुणाच्या तरी लेखी आहोत की नाही, हे त्याला कळत नाही. आपल्याकडे त्याला खिजगणतीत नसणं म्हणतात. हे तुमच्या मनाचे खेळ नव्हेत. कार्यालयाच्या दारावरची वेळेची पाटी रोज तेच सांगते. उलट उदाहरणही आहे. लंडनचं बर्कबेक कॉलेज 1823 मध्ये कामकरी लोकांसाठीची संस्था म्हणून सुरू झालं आणि संध्याकाळचे वर्ग हीच त्याची ओळख राहिली. म्हणजे दिवसभर राबून आलेला माणूस हाच विद्यार्थी, असं धरून जवळपास दोनशे वर्षं संस्था चालवता येते.

तुमच्या हातातलं सांगते. गटात पहिल्याच दिवशी लेखी कळवा: माझी गाडी 8.50 ची, तिच्याआधी किंवा रविवारी सकाळी ऑनलाइन भेटेन, आणि अहवालाचं अंतिम संपादन माझ्याकडे ठेवा. ज्या कामाला जागेवर हजर असावं लागत नाही, ते आधीच मागून घेतलं की नंतर कुणी ‘हा कधी येतच नाही’ म्हणत नाही. शिक्षकांना एकेकट्याने गाठत बसू नका. संध्याकाळच्या वर्गातल्या दहा-बारा जणांच्या सह्यांनी एक अर्ज करा, की भेटीची वेळ आठवड्यातून एकदा वर्गाआधी अर्धा तास असावी. मागणी एवढीच ठेवा, लांबलचक गाऱ्हाणं नको. आमच्या ग्रंथालयाची वेळ आठपर्यंत वाढली ती अशाच एका पानाच्या अर्जाने. त्यावर 14 सह्या होत्या, आणि पहिली सही विद्यापीठाच्याच रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाची होती. तो आमच्याकडे बी.ए. करत होता.