मोहोर आहे तोवरच माणूस शोध

अगं, तुझा मेसेज वाचला, "काकू, आंब्याच्या ऑर्डरींसाठी व्हर्च्युअल असिस्टंट ठेवू का" म्हणून, म्हणजे घरून ऑनलाइन कस्टमरला उत्तरं देणारी मदतनीस. ठेव, नक्की ठेव, गेल्या एप्रिलमध्ये तू ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून "पेटी कधी येणार"ची उत्तरं देत होतीस ते मला माहितीये. फक्त एप्रिलची वाट बघू नकोस, आत्ता झाडावर मोहोर आहे आणि फोन शांत आहे तेव्हाच बघ.

मी काय केलेलं सांगते. अक्षय्य तृतीयेला आठ दिवस असताना घाईघाईत एक मुलगी ठेवली, सांगलीकडची, घरून काम करायची, टायपिंग फास्ट, बोलायला गोड. तिला मी एकच सांगितलं, कस्टमर नाराज व्हायला नको. तिने कोणालाच नाराज केलं नाही, जो विचारेल त्याला "उद्या पोचेल". इकडे बागेत माल निघालेला 30 पेट्यांचा आणि उद्याचा शब्द गेलेला 70 जणांना! सणाच्या दिवशी लोक आमरस-पुरी जेवत होते आणि मी फोनवर एकेकाची माफी मागत होते. तिची काय चूक, आज किती आंबा उतरला हे सांगलीत बसून तिला कळणार कुठून, ते मी रोज कळवायला हवं होतं.

म्हणून आधी एक काम कर. गेल्या सीझनचे चॅट उघड आणि लोकांनी काय काय विचारलं ते वहीत उतरव. माझ्या वहीत 18 प्रश्न झाले, बाकी सगळे त्यांचेच भाऊबंद. त्यांची उत्तरं तू लिहायचीस, तुझ्या भाषेत, आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय, म्हणजे एका टॅपवर जाणारी तयार उत्तरं, म्हणून टाकायचीस. "ओरिजिनल देवगड ना?" हे तर रोज येणार, तिथे हापूसच्या जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीचा जो कागद तुझ्या बाबांकडे आहे त्याचा फोटोच ठेव. "आंबा कच्चा पाठवलात" हे दुसरं, त्याला फ्रिजमध्ये ठेवू नका, गवतात किंवा पेपरात ठेवा, वास सुटला आणि साल जरा सुरकुतली की कापा, एवढं शांतपणे लिहून ठेव.

साक्याचं मात्र तिला नीट समजावून सांग, फोटो दाखवून. घाटावरच्या माणसाला साका माहीत नसतो गं. फळ बाहेरून देखणं, कापलं की आत पांढरट स्पंजासारखा गर, आणि बाहेरून ते आपल्यालाही ओळखता येत नाही. न कळणारी मुलगी एकतर घाबरून अख्ख्या पेटीचे पैसे परत करते म्हणून मोकळी होणार नाहीतर कस्टमरलाच म्हणणार तुम्ही नीट ठेवला नाहीत. तिने फक्त कापलेल्या फळांचा फोटो मागायचा, किती निघाली ते विचारायचं आणि तुझ्याकडे पाठवायचं. भरपाई, तारीख आणि दर या तीन गोष्टींवर तुला विचारल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांग, नंतर सांगितलं की अविश्वास वाटतो.

पैशाचं पण बघ. हल्ली पेमेंटचे खोटे स्क्रीनशॉट सर्रास येतात आणि बिचारी तिकडे बसून तो खरा का खोटा कसा ओळखणार. माझ्याकडे नियम आहे, "पेड" लेबल मीच लावते, खात्यात रक्कम दिसल्यावर. तिला बँकेचं काही देऊ नकोस, कुठला ओटीपी पण नाही.

आणि धंद्याचा नंबर वेगळा घे, आजच घे. लिंक्ड डिव्हाइसने तुझंच व्हॉट्सअ‍ॅप तिच्या लॅपटॉपवर जोडून दिलंस की त्या नंबरवरचे सगळेच चॅट तिला दिसतात, मग त्यात तुझ्या सासरचा ग्रुप कशाला. काम संपलं की तुझ्या फोनवरून लॉगआउट करता येतं. इन्स्टाग्रामचा पासवर्ड द्यायचा मूर्खपणा मी केलाय, त्यात रिकव्हरीला तिचा नंबर टाकलेला, ती दुसरीकडे लागल्यावर अकाउंट परत मिळवायला दोन आठवडे गेले. शिवाय त्या चॅटमध्ये लोकांचे घरचे पत्ते असतात, ते तिच्या फोनमध्ये सेव्ह व्हायला नकोत, हे पण बोलून घे.

माणूस कुठे शोधायचा म्हणतेस तर परदेशी साइटवर जाऊ नकोस, आपले निम्मे कस्टमर मराठीत व्हॉइस नोट पाठवतात. ओळखीत विचार, आधी नोकरी करून आता मुलांसाठी घरी थांबलेल्या कितीतरी जणी आहेत आणि त्या फार हुशारीने काम करतात. वेळ मात्र संध्याकाळी आठ ते दहा हवीच, लोक जेवण झाल्यावर ऑर्डर देतात. दोघीतिघींना जुने दहा प्रश्न दे, नावं-पत्ते पुसून, उत्तरं लिहून मागव आणि त्या दोन तासांचे पैसे दे, फुकट टेस्ट घेऊ नकोस. जी उलट विचारेल "ताई, आज किती पेट्या निघाल्यात?" ती घे, तिचं टायपिंग स्लो असलं तरी चालेल.

सीझन जूनपर्यंतच आहे हे तिला आधीच सांगून टाक. मी पावसाळ्यात पण थोडे तास देते, कस्टमरची यादी नीट करणं, कोकम-आमसुलाच्या ऑर्डरी वगैरे, कारण पुढच्या मार्चला परत नवीन मुलीला साका शिकवायचा मला जाम कंटाळा येतो.

वही झाली की फोटो पाठव, मी बघते. आणि बाबांना विचार यंदा मोहोरावरची कीड, तुडतुडा, कसा आहे, आमच्याकडे दोन फवारण्या झाल्या तरी जात नाहीये.