सगळ्या कार्यक्रमांना हजर राहूनही मागे पडल्यासारखे का वाटते?

"विद्यापीठात एवढ्या संधी जाहीर होतात, आणि मी मात्र सगळ्यांच्या मागे आहे." एम.ए., एम.कॉम. किंवा एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांकडून ठाण्यातील माझ्या समुपदेशन कक्षात हे वाक्य थोड्याफार फरकाने नेहमी ऐकू येते. पदवीपर्यंतचे दिवस महाविद्यालयाच्या वेळापत्रकाने बांधलेले असतात. पदव्युत्तर वर्गात आल्यावर परिसंवाद, कार्यशाळा, वेबिनार, फेलोशिप, स्पर्धा यांच्या सूचना रोज व्हॉट्सॲपच्या गटांवर येऊ लागतात आणि त्यांतले आपल्या उपयोगाचे काय, हे सांगणारे जवळ कोणी नसते. या चिंतेच्या मुळाशी अनेकदा काहीतरी वेगळेच असते. मृण्मयीच्या बाबतीत ते मला फार स्पष्टपणे दिसले. तिचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

मृण्मयी घणसोलीला राहते आणि जीवशास्त्रात एम.एस्सी. करते. वडील रबाळ्याच्या एमआयडीसीत नोकरीला आहेत, आणि घराण्यात पदव्युत्तर शिक्षणापर्यंत पोहोचलेली ती पहिलीच. आई तिला घेऊन आली, कारण मुलगी रात्री उशिरापर्यंत नोंदणीचे अर्ज भरत बसते, जेवताना फोन सोडत नाही आणि परीक्षा जवळ आली तरी अभ्यासाला बसत नाही, हे तिला बघवत नव्हते. मृण्मयीने सोबत प्रमाणपत्रांची जाड फाइल आणली होती. ती दाखवताना तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. "मॅडम, इतके करूनही काही राहून गेले असेल, असेच वाटते," असे ती म्हणाली.

विद्यार्थ्यांनी कार्यक्रमांना जाऊच नये, असे माझे मुळीच मत नाही. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रासारख्या संस्थेत ऐकलेले एखादे व्याख्यान विचारांना दिशा देऊन जाते, हे मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिले आहे. मात्र पैसे भरताच प्रमाणपत्र हाती देणाऱ्या परिषदाही कमी नाहीत, आणि नोकरदार आईवडिलांचे कष्टाचे पैसे त्यांत जातात याचे मला मनापासून वाईट वाटते.

मी तिला एका कागदावर दोन रकाने आखायला सांगितले. जिथे नाव नोंदवले की प्रवेश मिळतोच, असे कार्यक्रम पहिल्या रकान्यात लिहायचे, आणि जिथे निवड होते, म्हणजेच जिथून नकार येऊ शकतो, अशा संधी दुसऱ्यात. पहिला रकाना पानाखालपर्यंत भरला. दुसऱ्या रकान्यात तिला माहीत असलेल्या पण तिने कधीच अर्ज न केलेल्या दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे देशातील तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप, जिच्यात विद्यार्थी सुटीचे दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली काम करतात. दुसरी म्हणजे 'आविष्कार', महाराष्ट्रातील विद्यापीठांतील विद्यार्थ्यांसाठी २००६ पासून होणारी संशोधन स्पर्धा, जिच्यात पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे गट वेगवेगळे असतात. अर्ज का केला नाही, असे विचारल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिथे नाही म्हणाले तर?"

आमचे खरे काम त्या प्रश्नापासून सुरू झाले. पदवीच्या वर्गात ती पहिली येत असे. आताच्या वर्गात वेगवेगळ्या महाविद्यालयांतून पहिली आलेली मुले एकत्र बसतात. वडिलांनी नातेवाइकांना "पोरगी शास्त्रज्ञ होणार" असे सांगून ठेवले होते. त्यामुळे आलेला नकार आपल्यापुरता राहणार नाही, घराला खाली पाहावे लागेल, अशी तिची समजूत होती. जिथे कोणी नाकारत नाही अशा ठिकाणी सतत हजेरी लावल्याने ती भीती तात्पुरती शमत होती, पण धडपड करूनही आपली पारख कुठेच होत नाही, हे तिला आतून कळत होते. मागे पडल्याची भावना तिथून येत होती, आणि सूचना कितीही वाचल्या तरी ती जाणे शक्य नव्हते.

उन्हाळी फेलोशिपचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच भरावे लागतात. त्यासाठी आपल्याला काय करायचे आहे याचे टिपण आणि शिक्षकांचे शिफारसपत्र लागते. मृण्मयी शिक्षकांशी वर्गाबाहेर कधी बोललीच नव्हती. "सर, मला पाच मिनिटे द्याल का?" या वाक्याचा सराव आम्ही माझ्या खोलीत केला. मी सर झाले, घाईत असल्यासारखी वागले, आणि घाईतल्या माणसाशीही शांतपणे बोलता येते, हे तिने अनुभवले. टिपण लिहिताना मात्र तिला फार सुचवावे लागले नाही. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्राला भेट दिल्यापासून खाडीकाठच्या कांदळवनांतील चिखलात कोणते जिवाणू जगतात, हे कुतूहल तिच्या मनात होते. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्याचे ती उत्साहाने सांगत होती. तुला कशाचे कुतूहल आहे, हा प्रश्न इतक्या वेबिनारांमध्ये तिला कोणी विचारलाच नव्हता. सरांनी तिचे ऐकून घेतले, अभयारण्यातील नमुन्यांसाठी वनविभागाची परवानगी लागते हे समजावले, आणि आपल्या जीवशास्त्र विभागाकडे रीतसर परवानगीने आणलेल्या नमुन्यांवर काम सुरू करायला सांगितले.

फेलोशिप तिला मिळाली नाही. आविष्कारच्या विभागीय फेरीत तिने सादरीकरण केले, पण पुढच्या फेरीसाठी तिची निवड झाली नाही. परीक्षकांनी भरती-ओहोटीनुसार चिखलातील क्षार बदलतात, त्याचा हिशेब कसा ठेवलास, असे विचारले होते, आणि तिच्याकडे उत्तर नव्हते.

त्या आठवड्यात आई एकटीच भेटायला आली. घरात आता काय बोलावे, हे तिला समजत नव्हते. "पुढच्या वेळी नक्की मिळेल" असे म्हणू नका, कारण ते आपल्या हातात नाही, असे मी तिला सांगितले. नातेवाइकांना काय सांगायचे ही चर्चाही मुलीसमोर नको. परीक्षकांनी काय विचारले, एवढेच विचारा आणि समजले नाही तरी ऐकून घ्या. वडिलांनी तसे केले. मृण्मयीने त्यांना कागदावर खाडीची आकृती काढून क्षारांचा प्रश्न समजावून सांगितला.

आता ती दुसऱ्या वर्षात आहे आणि क्षारांचा तोच प्रश्न तिच्या प्रबंधाचा विषय झाला आहे. सोबत सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी चालू आहे. त्यातून कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली आणि पीएच.डी.ला प्रवेश झाला, तर सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये मिळतात, हा घरासाठी मोठा आधार असेल, असे ती म्हणते. व्हॉट्सॲपच्या गटांतून ती बाहेर पडलेली नाही. सूचना आली की ती कोणत्या रकान्यातली आहे हे पाहते, आणि पहिल्या रकान्यातील कार्यक्रमांपैकी प्रबंधाशी संबंध असलेल्या कार्यक्रमांनाच जाते.