दहावा पिक्चर तोच टाक

प्रिय भावी डिरेक्टरबाई,

इन्स्टिट्यूटच्या इंटरव्ह्यूला आवडत्या दहा सिनेमांची यादी द्यायचीय, नऊ ठरलेत, दहाव्या जागी 'अशी ही बनवाबनवी' टाकावासा वाटतोय पण पॅनेलवरचे लोक काय म्हणतील म्हणून हात अडखळतोय, असं लिहिलंयस. टाक. बिनधास्त टाक. फक्त त्यांनी "का?" विचारल्यावर "लहानपणी टीव्हीवर सारखा लागायचा ना" असलं उत्तर देऊ नकोस आणि ते 'गिल्टी प्लेजर' प्रकरण तर अजिबातच नको, तोंड पाडून सांगितलंस की समोरचा पण तुला तसंच वागवणार. का आवडतो ते नीट माहीत पाहिजे, म्हणजे एखाद्या गंभीर सिनेमाबद्दल तू जेवढं बोलशील तेवढंच याच्याबद्दल बोलता आलं पाहिजे.

माझं आयुष्य एडिटिंगच्या खोलीत गेलं हे तुला माहितीये. त्यात कॉमेडी भरपूर कापली, थोडी झकास आणि बाकी भंगार, त्यामुळे जे सांगतोय ते टेबलावरून दिसलेलं आहे, पुस्तकातलं नाही.

पहिली गोष्ट म्हणजे गंभीर सिनेमाला लपायला जागा असते. प्रेक्षक गप्प बसला की आपण म्हणू शकतो अंतर्मुख झालाय, मग तो झोपलेला का असेना. येड्या कॉमेडीला ही सोय नाही. हशा आला नाही तर नाही आला, त्याच्यावर कुणी लेख लिहून तुला वाचवू शकत नाही. म्हणून मला तर वाटतं शिकणाऱ्या माणसाने सगळ्यात आधी हेच पिक्चर फाडून बघावेत, इथे कुठला सांधा निसटला ते लगेच ऐकू येतं.

आता तो सत्तर रुपयांचा सीन घे, तुला पाठच असेल, अर्ध्या महाराष्ट्राला पाठ आहे. घरमालक सरपोतदार औषधासाठी दिलेले पैसे परत मागतात, धनंजय माने म्हणतो औषध आणणारा माणूस वारला, आणि पुढे ते सत्तर रुपयेपण वारले. कागदावर वाचलं तर पाचवीतल्या पोराचा जोक आहे. पण अशोक सराफ तो कसा म्हणतात बघ. डोळा मारत नाहीत, ओठाच्या कोपऱ्यात हसू नाही, आवाज असा लावलाय की जणू खरंच सुतक आहे आणि आपण भेटायला आलोय. आणि समोर सुधीर जोशी. मला विचारशील तर अर्धा सीन त्यांचा आहे. वारला म्हटल्यावर माणूस सभ्यपणे थोडा वाईट वाटून घेतो ना, ते त्यांना करावं लागतं, आणि ते करता करताच आपले पैसे गेले हे डोक्यात शिरतं, म्हणजे एकाच चेहऱ्यावर दुखवटा आणि हिशोब दोन्ही. हसवायचा प्रयत्न दोघांपैकी एकही जण करत नाही. हसणं आपल्यावर सोडलंय.

हेच मला तुला सांगायचंय बघ, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे. येडेपणा करणाऱ्या पात्राला आपण येडेपणा करतोय हे माहीत नसलं पाहिजे. त्याच्यासाठी मामला जीवनमरणाचा असतो. बनवाबनवीत चार पोरं, त्यातले दोघं साडी नेसतात, का? तर पुण्यात राहायला जागा पाहिजे आणि लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांनाच जागा देतात. ही अडचण शंभर टक्के खरी आहे, आज एकट्या पोराला किंवा पोरीला फ्लॅट शोधायला पाठव म्हणजे कळेल. खाली अडचण खरी आणि वर उपाय बिनडोक, असा तो डाव आहे. साडी काढून टाकली तरी अडचण शिल्लक राहते म्हणून पिक्चर शेवटपर्यंत टिकतो. गोष्ट मुळात मराठी नाही, हृषिकेश मुखर्जींच्या १९६६ च्या हिंदी 'बीवी और मकान'वरून घेतलीय, १९८८ मध्ये सचिन पिळगावकरांनी ती मराठीत आणली, आणि बघ गंमत, मूळ पिक्चर फार थोड्यांना आठवतो आणि आपल्याकडे मात्र लोक लग्नाच्या पंगतीत याचे डायलॉग मारतात. गोष्ट तीच, मग फरक कशाने पडला? बोलीने आणि नटांनी.

बोली म्हटल्यावर वसंत सबनीस आलेच. हे नाव इंटरव्ह्यूत जरूर घे. बनवाबनवीचं लेखन त्यांचं. त्याच्या आधी वीसेक वर्षं 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य त्यांचंच, ज्याने दादा कोंडके घराघरात गेले, आणि १९७१ चा 'सोंगाड्या' पण त्यांनीच लिहिलेला. म्हणजे ज्याला आपण 'पांचट' म्हणून बाजूला सारतो त्या धाग्याच्या दोन्ही टोकाला एकच व्यवस्थित वाचलेला, लिहिता माणूस बसलाय. पॅनेलवर कुणी नाक मुरडलं तर एवढंच सांगायचं, शांतपणे.

आणि हा धागा सिनेमाच्या पण खूप मागे जातो बरं का. तमाशात गण झाला की गवळण, त्यात मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांच्याबरोबर मावशी, म्हणजे बाप्या माणूसच पदर घेऊन, वाट अडवणारा पेंद्या आणि कृष्ण, आणि मग जी काय सवाल-जवाबाची उडते ती. मावशी करणारा माणूस बाई दिसायची फारशी धडपड करत नाही, गंमत त्यातच आहे की सगळ्यांना दिसतंय आणि गवळणींना मात्र काही वेगळं वाटत नाही. बनवाबनवीतली पार्वती, म्हणजे साडी नेसलेला लक्ष्मीकांत बेर्डे, थेट त्या मावशीची नात आहे. भारूड घे, वरवर विंचू चावला म्हणून बोंबाबोंब आणि खाली संत एकनाथ भलतंच काही सांगतायत. एका वाक्यात दोन मजले बांधायची सवय आपल्याला लय जुनी आहे, दादांनी फक्त खालच्या मजल्यावर भाडेकरू वेगळा ठेवला.

दादांबद्दल थोडं जास्त लिहितो कारण तुझ्या पिढीला त्यांचं नाव घेतलं की फक्त डबल मीनिंग आठवतं. नायगावच्या गिरणगावात वाढलेला माणूस, सेवादलाच्या कलापथकातून आलेला. सोंगाड्या स्वतः निर्माता होऊन काढला आणि दादरच्या कोहिनूरला तो लावायची वेळ आली तेव्हा थिएटरवाल्यांना देव आनंदचा हिंदी पिक्चर हवा होता, मग बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले, शिवसैनिक थिएटरवर गेले आणि पिक्चर लागला, ही गोष्ट मुंबईत अजून सांगितली जाते. पुढे त्यांचे नऊ पिक्चर रौप्यमहोत्सवी झाले, म्हणजे प्रत्येकी पंचवीस आठवडे, त्याची नोंद गिनीज बुकात आहे. आता पंचवीस आठवडे थिएटर नुसत्या चावट वाक्यांवर भरत नाही ग. चावट वाक्यं फुकटात कुठेही मिळतात, पारावर बस.

मग काय होतं? ती ढगळ हाफ पँट आणि लोंबणारी नाडी घातलेलं पोरगं बघ. आयेच्या धाकातलं. ते जे बोलतं त्याचा दुसरा अर्थ त्याला स्वतःला माहीतच नाही असा त्याचा चेहरा असतो. पाप सगळं प्रेक्षकाच्या डोक्यात. थिएटरात शेजारचा हसला, तू हसलीस, म्हणजे दोघांनाही कळलं की दोघांच्याही डोक्यात तेच आलं, आणि पडद्यावरचं ते पोरगं मात्र कोऱ्या चेहऱ्याने बघतंय की हे लोक हसतात का. सेन्सॉरवाले पण याच चेहऱ्यापाशी अडकायचे, वाक्य कापायचं तर त्यात वाईट काय ते आधी कुणीतरी तोंडाने म्हणायला पाहिजे ना! नंतर दादांची नक्कल करणारे ढिगाने आले, वाक्यं तीच किंवा जास्त झणझणीत, पण बोलून झाल्यावर ते कॅमेऱ्याकडे बघून भुवया उडवायचे. झालं, तिथेच जीव गेला. नटाला कळलंय हे दिसलं की आपल्याला हसायचं कारण उरत नाही, उलट थोडं किळसवाणं वाटायला लागतं.

लक्ष्याचं पण तेच. लोक म्हणतात आरडाओरडा करायचा, हातवारे करायचा. करायचा ना, पण 'झपाटलेला' (१९९३) परत बघ, तात्या विंचूकडे न बघता फक्त लक्ष्मीकांत बेर्डेकडे बघ. समोर काय आहे तर रामदास पाध्यांनी केलेला बाहुला. दिलीप प्रभावळकरांचा आवाज त्याला मागाहून चिकटणार. म्हणजे सेटवर हा माणूस एका बाहुल्याला घाबरतोय आणि इतकं खरं घाबरतोय की त्या काळची पोरं रात्री पलंगाखाली वाकून बघायची आणि तीच पोरं थिएटरात खदखदून हसलेली असायची. बाहुल्यात जीव मंत्राने नाही आला, लक्ष्याच्या घाबरण्याने आला. इफेक्ट स्वस्त असले तर नटाने दुप्पट विश्वास ठेवायचा, हे तिथे शिकायला मिळतं, आणि तुझ्या पहिल्या शॉर्ट फिल्मला बजेट काय असणारे ते मला माहितीये, म्हणून सांगतोय.

'धुमधडाका'तला यदुनाथ जवळकर पण याच जातीचा. श्रीमंत बापाचं सोंग, तोंडात पाईप, आणि पाईपचा ठसका लागून निघालेलं ते व्याख्या विख्खी वुख्खू. अर्थ शून्य. पण श्रीमंत माणूस ठसका लागला तरी रुबाब सोडणार नाही, हे त्या ठसक्यात आहे, म्हणून १९८५ पासून लोक ते म्हणतायत. (तो करणारे अशोक सराफ बँकेतल्या नोकरीतून आलेले आणि आता महाराष्ट्र भूषण, पद्मश्री. असले पिक्चर करून.)

आता तांत्रिक एक गोष्ट, ही लक्ष देऊन वाच. नाटकात हशा आला की नट थांबतो, हशा उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकतो. सिनेमात नट थांबू शकत नाही, तो महिन्यापूर्वीच घरी गेलाय. मग ती जागा एडिटरला ठेवायला लागते, कुणाचा तरी रिअॅक्शन शॉट टाकायचा, मख्ख चेहरा, किंवा कुणीतरी वळून बघतंय, म्हणजे पुढचं वाक्य हशात बुडत नाही. बारा फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद. बारा फ्रेम जास्त ठेवल्या तर सीन लोंबतो, बारा कमी केल्या तर लोक पुढचं वाक्य ऐकूच शकत नाहीत. हे पिक्चर भरलेल्या थिएटरसाठी कापलेले आहेत. तू मोबाईलवर, इअरफोन लावून, एकटी बघितलंस तर मधेमधे ढिला वाटेल, वाटणारच, कारण ती रिकामी जागा पाचशे लोकांच्या हसण्याने भरायची होती. 'किती स्लो आहे' असं म्हणून मोकळं होऊ नकोस. शक्य झालं तर चारपाच जणांना घरी गोळा करून बघ, एखादी आत्या आणि एखादा लहान पोरगा असला तर उत्तम, सगळे इंजिनिअर नकोत.

म्हणून सगळंच गोड मानून घे असं मी म्हणत नाहीये हां. तोतरं बोलणाऱ्यावर हसणं, जाड बाईवर हसणं, काळ्या रंगावर हसणं, पोरीच्या मागे लागून तिला वैताग देणं म्हणजे प्रेम, हे या पिक्चरांत ठासून भरलंय आणि ते आज बघवत नाही, तेव्हाही ज्यांच्यावर होतं त्यांना हसू येत नसणार. पॅनेलने हे काढलं तर बचाव करत बसू नकोस, सरळ हो म्हण. पण एक बघ, जे जोक शिळे झालेत ते बहुतेक असे आहेत की ज्यात हुशार माणूस दुबळ्याला हसतोय. आणि जे अजून ताजे आहेत त्यात हसू येतं ते स्वतःला लय हुशार समजणाऱ्याच्या फजितीवर. सरपोतदार मालक आहेत, पैसेवाले आहेत, म्हणून सत्तर रुपये वारलेले चालतात. तेच सत्तर रुपये मोलकरणीचे असते तर? लिहिताना हा प्रश्न स्वतःला विचारत जा.

अभ्यास म्हणून काय करायचं ते सांगतो. बनवाबनवी एकदा आवाज पूर्ण बंद करून बघ, आणि बोलणाऱ्याकडे नाही, ऐकणाऱ्याकडे बघ. जिथे आवाज नसतानाही हसू आलं ते सीन वहीत लिही, कोण कुठे उभा होता, कट कधी झाला. मग सोंगाड्याचा फक्त आवाज ऐक, भांडी घासताना ऐकलास तरी चालेल, आणि दादा वाक्याच्या मध्ये कुठे श्वास घेतात ते पकड, दुसरा अर्थ नेहमी त्या श्वासातून आत येतो. रिल्समधले तुकडे बघून काम भागवू नकोस, त्यात फक्त शेवटचं वाक्य असतं आणि वाक्याच्या आधी दीड मिनिट जी तयारी केलेली असते ती कापलेली असते.

वही मला पाठव, अक्षर कसलंही असू दे. इंटरव्ह्यूची तारीख कळली की फोन कर, आपण एकदा प्रश्नोत्तरं करून बघू. आणि हो, त्या यादीत तीन नंबरला तू जो चार तासांचा हंगेरियन सिनेमा टाकलायस तो खरंच शेवटपर्यंत बघितलायस का? नसशील बघितला तर आधी तो काढ.

तुझा,
काका

ता. क. आईला सांग डब्बा पोचला, लोणचं जास्त घातलंय पण चालतंय.